अपघातानंतर "निघून गेला" म्हणून गुन्हा दाखल झालाय, बाजू कशी मांडायची?

बालिंग्याचा_मामा
नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या भाच्याचा आहे. घरात कुणाला धड जेवण जाईना, म्हणून इथं विचारायलोय.

भाचा भाजीची पिकअप चालवतो. मागच्या आठवड्यात रात्री गगनबावडा रोडनं मार्केट यार्डाकडं येताना बालिंग्याच्या अलीकडं एका दुचाकीला धडक बसली. दुचाकीवाल्याचा पाय मोडला. भाचा उतरला, त्या माणसाला कडेला घेतलं, तेवढ्यात गर्दी जमली. एकानं कॉलर धरली, दुसऱ्यानं काच फोडली. पोरानं 112 ला फोन लावून "बालिंग्याजवळ अपघात झालाय, गाडी पाठवा" एवढं सांगितलं, तोवर दगड आला. तो गाडीत बसला आणि निघाला. वाटेत पहिलं जे पोलीस ठाणं लागलं तिथं गेला. तिथल्या अंमलदारानं सांगितलं, "ही हद्द आमची न्हाई, तिकडं जा." पोरगं घाबरलेलं, रात्री परत त्या रस्त्यानं जायचं धाडस झालं नाही. सकाळी दाजी त्याला घेऊन हद्दीच्या ठाण्यात गेले, तर रात्रीच गुन्हा दाखल झालेला. फिर्यादीत लिहिलंय, "जखमीस औषधोपचाराकरिता न नेता व अपघाताची खबर न देता निघून गेला." कलमं लावलीत भारतीय न्याय संहिता 281, 125(ब) आणि मोटार वाहन कायदा 184, 134(अ)(ब), 187.

आता गल्लीत कोण म्हणतंय दहा वर्षांची शिक्षा आहे, कोण म्हणतंय अटकपूर्व जामीन घ्या. हे खरंच पळून जाणं होतं का? कोर्टात काय सांगायचं?

शिरोली_ट्रान्सपोर्ट
मामा, आधी पोराला धीर द्या. फोन वापरायचा बंद करा म्हणावं, म्हणजे 112 चा कॉल त्यात दिसतोय तसा राहील. बाकी जाणकार सांगतीलच.

कळंबा_तलाव
मला या धाग्यावर गोड बोलायला जमणार नाही. माझ्या वडिलांना राधानगरी रोडला एक गाडी उडवून गेली. ते अंधारात पडून होते आणि मागनं येणाऱ्या दूधवाल्यानं त्यांना बघितलं म्हणून वाचले. गाडी शेवटपर्यंत सापडली नाही. त्या ड्रायव्हरलापण कुणीतरी मामा असेल आणि त्यालापण घरच्यांनी "घाबरला होता" असंच म्हटलं असेल. रस्त्यावर पडलेल्या माणसाला त्याच्या घाबरण्याचा काय उपयोग? तुमच्या भाच्यानं त्या माणसाला गाडीत घालून सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, का आणलं नाही?

बालिंग्याचा_मामा
@कळंबा_तलाव, तुमचा राग बरोबर आहे. त्या माणसाला गाडीत घालायला गेला तेव्हाच मारायला लागले, असं पोरगं सांगतं. मी तिथं नव्हतो, त्यामुळं शपथेवर सांगू शकत नाही.

उभा_मारुती_चौक
दहा वर्षांचं ऐकून माझ्याही भावाला घाम फुटला होता, तो एस.टी.त चालक आहे. मग माहिती काढली. ते न्याय संहितेचं कलम 106(2). बेदरकार गाडी चालवून *मृत्यू* झाला आणि पोलिसांना किंवा मॅजिस्ट्रेटला न कळवता चालक पळाला, तर दहा वर्षांपर्यंत. जानेवारी 2024 च्या सुरुवातीला ट्रकवाल्यांनी यावरच संप केला होता, पेट्रोल पंपावर रांगा लागल्या होत्या आठवतंय का? त्यानंतर 1 जुलै 2024 पासून न्याय संहिता लागू केली, ती हे पोटकलम बाजूला ठेवूनच. आणि मामा, तुमच्याकडं मृत्यू झालेलाच नाही. 106 चा संबंध येतच नाही.

वकीलबाई_कोल्हापूर
मी इथं फौजदारी कामं करते. कागद न बघता सल्ला देणं चुकीचं, पण कायदा काय आहे ते सविस्तर सांगते, कारण या कलमाबद्दल लोकांना फार अर्धवट माहिती असते.

मोटार वाहन कायद्याचं 134 मुळातून वाचा. माणूस जखमी झाला किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं तर चालकानं काय करायचं ते त्यात आहे. (अ) मध्ये जखमीला जवळच्या डॉक्टरकडं किंवा दवाखान्यात पोचवण्याची व्यवस्था करणं. पण तिथंच कायद्यानं सूट लिहून ठेवली आहे: जमावाच्या रोषामुळं किंवा चालकाच्या हाताबाहेरच्या दुसऱ्या कारणामुळं ते शक्य नसेल तर. संसदेला ठाऊक होतं की आपल्याकडं रस्त्यावर काय होतं. त्यामुळं "जमाव होता म्हणून निघालो" ही पळवाट नाही, तो कायद्यातलाच बचाव आहे.

(ब) मध्ये पोलीस समोर नसतील तर जवळच्या पोलीस ठाण्यात शक्य तितक्या लवकर, आणि कोणत्याही परिस्थितीत 24 तासांच्या आत खबर देणं. लोक इथपर्यंतच वाचतात. त्याच वाक्यात पुढं आहे की जखमीला मदत करता आली नसेल तर *का आली नाही* हेही त्या खबरीत सांगायचं. माझ्या मते सगळं प्रकरण इथं ठरतं. दगडफेकीची गोष्ट पहिल्यांदा आरोपपत्र आल्यानंतर बाहेर आली, तर सरकारी वकील विचारणारच की इतके दिवस कुठं होती. तीच गोष्ट सकाळच्या खबरीत लिहिलेली असेल तर तिला वजन येतं. मामा, सकाळी भाच्यानं ठाण्यात काय सांगितलं आणि त्याची कुठं नोंद झाली, हे पहिलं बघा.

आणि नीट लक्ष द्या, कायदा "जवळचं पोलीस ठाणं" म्हणतो. "हद्दीचं ठाणं" म्हणत नाही. दखलपात्र गुन्ह्याची माहिती तर हद्द कुठलीही असो, नोंदवून घ्यायलाच हवी. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये ते आता स्पष्ट लिहिलंय. म्हणजे रात्री पहिल्या ठाण्यात गेला ते सिद्ध करता आलं, तर "खबर न देता" हा फिर्यादीतला शब्दच लंगडा पडतो. प्रत्येक ठाण्यात स्टेशन डायरी असते आणि बहुतेक ठिकाणी दारात कॅमेरा असतो. त्या रात्रीच्या फुटेजसाठी आजच लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच मिळाली नाही तर रजिस्टर पोस्टानं पाठवा. फुटेजवर नवीन रेकॉर्डिंग चढायला वेळ लागत नाही.

अटकपूर्व जामिनाचं म्हणाल तर तुमच्या यादीतली सगळी कलमं जामीनपात्र आहेत. अटकपूर्व जामीन अजामीनपात्र गुन्ह्यासाठी असतो. कुणी त्याचे पैसे मागत असेल तर देऊ नका.

शिरोली_ट्रान्सपोर्ट
मॅडम, एकदम सविस्तर. एक शंका. ड्रायव्हरला कळलंच नाही तर? आमच्या धंद्यात हे खरंच होतं. लोड भरलेला ट्रेलर, मागच्या चाकाला दुचाकी घासली तर केबिनमध्ये काही जाणवत नाही. दोन टोलनाके पुढं गेल्यावर पोलिसांचा फोन येतो आणि ड्रायव्हर चाट पडतो. त्यालापण "निघून गेला" लावतात.

वकीलबाई_कोल्हापूर
@शिरोली_ट्रान्सपोर्ट, ज्याला अपघात झाल्याचंच ठाऊक नाही तो खबर कशी देणार, हा युक्तिवाद करता येतो आणि केला जातो. पण नुसतं "कळलं नाही" म्हणून कोर्ट मानत नाही, वागणूक बघतं. किणी टोलनाक्यावरची फास्टॅगची वेळ, जीपीएसवरचा वेग, त्यानंतरचे थांबे. अपघातानंतर गाडी नेहमीच्या वेगानं, नेहमीच्या रस्त्यानं गेली, चालक ढाब्यावर जेवायला थांबला, तर त्याला काही कळलं नव्हतं असं दिसतं. उलट गाडी आडरस्त्यानं गेली, दुसऱ्या दिवशी गॅरेजला लागली, बंपर बदलला, तर तोच रेकॉर्ड अंगावर येतो. जीपीएसचा डेटा लगेच काढून ठेवा आणि सोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र घ्या, साक्ष अधिनियमाच्या कलम 63(4) चं. त्याशिवाय तो कागद कोर्टात उभा राहत नाही.

पंचगंगा_घाट
थोडं विषयांतर. शिये फाट्याजवळ माझ्या मित्राच्या गाडीला म्हैस आडवी आली. म्हैस जागेवर गेली. तो थांबला, मालकाची वाट बघितली, कुणीच येईना, म्हणून निघून आला. तोपण आरोपी का?

गंगावेश_दूधकट्टा
म्हैस कोल्हापुरात गेली म्हणजे घरातलं माणूसच गेलं रे भावा! मालकाला शोधायला पाहिजे होतं. पन्नास-साठ हजाराचं तरी नुकसान.

वकीलबाई_कोल्हापूर
@पंचगंगा_घाट, जनावराच्या अपघातातही थांबायचं कर्तव्य आहे, कलम 132. त्यात कुठली जनावरं ते मोजून दिलंय: घोडा, गुरंढोरं, हत्ती, उंट, गाढव, खेचर, मेंढी, शेळी. शिवाय म्हैस ही दुसऱ्याची मालमत्ता, म्हणून 134 सुद्धा लागू होतं. मित्रानं 24 तासांत ठाण्यात नोंद केली असेल तर काळजीचं कारण नाही.

पंचगंगा_घाट
केली होती, त्याच संध्याकाळी. मालकाशी बोलून भरपाईपण दिली. धन्यवाद ताई.

अपघात_विभाग_सिस्टर
मी सरकारी रुग्णालयात अपघात विभागात काम केलंय. वकीलबाईंनी कायदा सांगितला, मी आमच्या दारातलं सांगते.

पाय मोडलेला माणूस येतो तेव्हा आम्ही आधी पायाची नाडी बघतो, घोट्याजवळ आणि पावलावर. मांडीचं हाड मोडलं असेल तर बाहेर एक थेंब न दिसता लिटरभर रक्त आत मांडीतच साचू शकतं. नातेवाईक म्हणतात, "रक्त तर गेलंच नाही, मग बीपी का कमी?" म्हणून वेळ महत्त्वाचा. 108 ला फोन केला तरी ते मदत करणंच आहे, स्वतःच्या गाडीत घालून आणायलाच पाहिजे असं नाही. उलट पाठीला किंवा मानेला मार असेल तर पिकअपच्या हौद्यात टाकून आणल्यानं इजा वाढते. आधार न देता कुणालाही दोन्ही हातांना धरून ओढू नका.

आणि जो चालक नाही, नुसता मदत करणारा आहे, त्यानं अजिबात भिऊ नये. सर्वोच्च न्यायालयानं 2016 मध्ये मदतकर्त्यांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं बंधनकारक केली आणि 2019 च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात 134अ हे वेगळं कलमच आलं (वरचं 134 चं (अ) ते नव्हे). तुम्हाला नाव सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायची सक्ती नाही, दवाखान्यात पैसे भरायची सक्ती नाही. @कळंबा_तलाव यांच्या वडिलांना आणणाऱ्या दूधवाल्यासारखी माणसं आहेत म्हणून कितीतरी लोक घरी परत जातात.

कळंबा_तलाव
सिस्टर, त्या माणसाच्या घरी दर दिवाळीला आम्ही फराळ घेऊन जातो.

माझा प्रश्न मात्र तसाच आहे. जमाव जमाव म्हणून किती जणांना सोडणार? प्रत्येक आरोपी हेच सांगणार.

शाहूपुरी_कुस्ती_आखाडा
लोक मारतात म्हणून ड्रायव्हर पळतो आणि ड्रायव्हर पळतो म्हणून लोक मारतात. गावोगावी तरुण मंडळांनी ठरवायला पाहिजे, ड्रायव्हरला हात लावायचा नाही, फक्त चावी काढून घ्यायची आणि त्याला तिथंच बसवायचं. आमच्या तालमीच्या पोरांना मी हेच सांगतो. मारणाऱ्यांवरपण गुन्हा होतो हे कुणाला ठाऊकच नाही.

वकीलबाई_कोल्हापूर
@कळंबा_तलाव, तुमचा प्रश्न खरा आहे आणि कोर्टही तोच विचारतं. जमाव होता हे म्हणून भागत नाही, दाखवावं लागतं. फुटलेल्या काचेचा पंचनाम्यात उल्लेख आहे का? काचा गाडीच्या आत पडल्या की बाहेर? चालकाच्या अंगावर मार होता का आणि त्याची वैद्यकीय तपासणी झाली का? 112 च्या कॉलची वेळ काय? घटनास्थळाचा नकाशा काय सांगतो? जमाव खरा असेल तर त्याच्या खुणा राहतात.

आणि जमावातून सुटल्यावर जे केलं त्याला फार महत्त्व आहे. जिवाच्या भीतीनं शंभर मीटर पुढं जाऊन फोन केला, ठाणं गाठलं, तो माणूस वेगळा. जिवाच्या भीतीनं निघाला आणि गाडी गोठ्यात झाकून ठेवली, तो वेगळा. दिल्लीच्या 1999 च्या बीएमडब्ल्यू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 2012 मध्ये सदोष मनुष्यवधाचं कलम पुन्हा लावलं, आणि जखमींना तसंच टाकून जाण्याची कडक दखल घेतली. तेव्हा कोर्ट सगळ्यांना सोडतं असं समजू नका.

मामांसाठी अजून एक. गुन्ह्याचे दोन भाग आहेत, ते वेगळे लढायचे. 281, 125(ब) आणि 184 मध्ये गाडी बेदरकारपणे किंवा निष्काळजीपणे चालवली हे सरकारनं सिद्ध करायचं. नुसतं "भरधाव होती" एवढ्यावर ते सिद्ध होत नाही. कर्नाटक राज्य विरुद्ध सतीश या 1998 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं हेच सांगितलं. आणि नंतर निघून गेला म्हणून आधी निष्काळजी होता, असाही अर्थ आपोआप निघत नाही. 134 आणि 187 हा दुसरा भाग. त्यात पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. एका भागात सुटला तरी दुसऱ्यात अडकू शकतो, म्हणून दोन्हीकडं लक्ष पाहिजे.

रंकाळा_चौपाटी
पुण्यातल्या मे 2024 च्या पोर्श गाडीच्या अपघात प्रकरणात किती गदारोळ झाला. श्रीमंतांना एक न्याय आणि पिकअपवाल्याला एक. त्यावर कुणी बोलेल का?

संपादक_मंडळ
@रंकाळा_चौपाटी, ते प्रकरण न्यायप्रविष्ट आहे, त्यासाठी वेगळा धागा आहे. इथं मामांच्या प्रश्नावरच बोलूया.

जवाहरनगर_२७
रक्ताच्या चाचणीचा मुद्दा मात्र या धाग्यातलाच आहे. माणूस निघून गेला की पहिला संशय येतो, प्यायला होता. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम ही मर्यादा, आणि काही तासांत अल्कोहोल उतरतं. म्हणून जो प्यायलेला नाही त्यानं उलट लगेच ठाण्यात जाऊन स्वतःहून तपासणी मागावी. तुमचा भाचा सकाळी गेला तेव्हा रक्त घेतलं का?

बालिंग्याचा_मामा
घेतलं नाही. पोरगं माळकरी आहे, गळ्यात तुळशीची माळ आहे. पण तुम्ही म्हणता ते पटलं.

इथं अजून एक गोष्ट विचारायची आहे. गाडी दाजींच्या नावावर आहे. एकजण म्हणाला, "पोराचं लग्न ठरायचंय, गाडी मीच चालवत होतो असं बापानं सांगावं." दाजी तयार आहेत.

शिरोली_ट्रान्सपोर्ट
मामा, नाही. नाही. नाही. दाजींना आत्ताच्या आत्ता थांबवा.

वकीलबाई_कोल्हापूर
मामा, हे अजिबात करू नका. कलम 133 प्रमाणं गाडी कोण चालवत होतं ही माहिती पोलिसांना देणं मालकाचं कर्तव्य आहे. खोटं नाव दिलं तर दाजींवर नवा गुन्हा, पुरावा लपवल्याचं न्याय संहितेचं कलम 238 येऊ शकतं, आणि मुलाचा चांगला बचाव मातीत जाईल. मोबाइलचं लोकेशन, 112 चा कॉल, ठाण्याचा कॅमेरा सगळीकडं मुलगाच दिसणार. आत्ता त्याच्या बाजूनं असलेला प्रत्येक पुरावा त्या दिवशी दाजींच्या विरोधात उभा राहील. जामीनपात्र गुन्ह्यातून बाप-लेक दोघं मोठ्या गुन्ह्यात जातील.

जबाबाबद्दलही सांगते. चौकशीला बोलावलं की जायचं. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35(3) ची, म्हणजे अटक न करता हजर राहायला सांगणारी, नोटीस आली तर तारीख चुकवायची नाही. नाव, पत्ता, लायसन, विमा, अपघाताची वेळ आणि जागा हे सांगायचंच, ते कर्तव्य आहे. "चूक माझीच होती, झोप लागली होती" असलं काही दबावाखाली लिहून देऊ नका. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती नाही, राज्यघटनेचं कलम 20(3). पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतही नाही. जाताना वकील सोबत न्या. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं अर्ज करा, 15100 वर फोन केला तरी माहिती मिळते.

विमा_प्रतिनिधी_राजारामपुरी
134(क) कुणी काढलंच नाही म्हणून लिहितो. चालकानं विमा कंपनीलाही लेखी कळवायचं असतं: पॉलिसी नंबर आणि मुदत, अपघाताची तारीख, वेळ, जागा, जखमींची माहिती, चालकाचं नाव आणि लायसन. गावाकडं हे सगळ्यात जास्त राहून जातं. लोकांना वाटतं क्लेम घ्यायचा नसेल तर कशाला कळवायचं. पण जखमी माणूस मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात भरपाई मागणार, ती थर्ड पार्टी विम्यातनं जाणार. आज कळवा, मेलवरही कळवा आणि मेलची प्रत ठेवा.

फौजदारी केस सुटली म्हणजे भरपाईचा दावाही सुटला असं नसतं. दोन्ही वेगळे, पुराव्याचं मापही वेगळं. आणि जखमीच्या बाजूनं कुणी वाचत असेल तर: दावा आता अपघातापासून सहा महिन्यांत दाखल करावा लागतो, उशीर करू नका.

@कळंबा_तलाव, गाडी सापडलीच नाही तर कलम 161 खाली सरकारी भरपाई आहे. मृत्यूला 2 लाख, गंभीर दुखापतीला 50 हजार. 1 एप्रिल 2022 पासूनची योजना. त्या तारखेनंतरचा अपघात असेल तर प्रांत किंवा तहसीलदार कार्यालयात अर्ज करता येतो. अर्ज केला होता का?

कळंबा_तलाव
आम्हाला कुणी सांगितलंच नाही. अपघात त्या तारखेनंतरचाच आहे. पोलिसांनी तपास बंद केल्याचा कागद घरात आहे. उद्याच चौकशी करतो. मनापासून आभार.

बालिंग्याचा_मामा
मंडळी, थोडी खबर. दाजींना समजावलं, ते मान्य झाले. पहिल्या ठाण्यासमोर चहाची टपरी आहे, तिच्या शेजारच्या मेडिकलच्या कॅमेऱ्यात भाच्याची पिकअप थांबलेली आणि तो आत जाताना दिसतोय. ठाण्याच्या फुटेजसाठीही अर्ज दिला, पोच मिळाली. मेडिकलवाल्यानं स्वतःहून फुटेज पेनड्राइव्हवर काढून दिलं. ते चालेल ना?

वकीलबाई_कोल्हापूर
फार चांगलं झालं. नुसता पेनड्राइव्ह मात्र पुरेसा नाही. मेडिकलवाल्याकडून 63(4) चं प्रमाणपत्र घ्या, आणि मूळ रेकॉर्डिंग जपून ठेवावं म्हणून त्यांना व तपास अधिकाऱ्यांना पत्र द्या. कॅमेऱ्यातलं घड्याळ खऱ्या वेळेपेक्षा पुढं-मागं आहे का तेही आत्ताच बघून लिहून ठेवा. उलटतपासणीत पहिला प्रश्न तोच येतो. तपास अधिकाऱ्यांनी फुटेज घेतलं नाही तर कोर्टाकडून ते मागवून घेता येतं. खटला रद्द करण्यासाठी हायकोर्टात जायची वेळ आलीच, तर 18 ऑगस्ट 2025 पासून सर्किट बेंच इथंच सुरू आहे, मुंबईच्या फेऱ्या वाचल्या. पण आत्ता त्याची घाई नको. आरोपपत्र येऊ द्या.

कळंबा_तलाव
मामा, तुमचा भाचा त्या जखमी माणसाला भेटायला गेला का?

बालिंग्याचा_मामा
जायचं मनात आहे. एकजण म्हणाला, गेलास तर गुन्हा कबूल केल्यासारखं होईल.

अपघात_विभाग_सिस्टर
पेशंटच्या बाजूनं सांगते. चौकशी करायला कुणी आलं की नातेवाईक आधी चिडतात, पण आठवणीत तेच राहतं. घरातला एखादा वडीलधारा आधी जाऊ दे. भाच्याला एकट्याला पाठवू नका.

वकीलबाई_कोल्हापूर
विचारपूस करणं, औषधाला मदत करणं हा कबुलीजबाब नाही. दोन गोष्टी पाळा. मदत दवाखान्याच्या किंवा औषधांच्या बिलावर, पावतीनं करा. आणि "फिर्याद मागं घ्या", "जबाब बदला" हा विषय त्या घरात तोंडातून काढू नका, तो साक्षीदारावर दबाव धरला जातो. उपचाराच्या खर्चासाठी केंद्राची कॅशलेस योजनाही आहे, मे 2025 पासून. अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाखापर्यंत. त्यांना ठाऊक नसेल तर रुग्णालयाच्या समाजसेवा अधीक्षकांना लगेच विचारायला सांगा.

कळंबा_तलाव
मामा, जाऊन या. आमच्याकडं कुणी आलं असतं तर मी शिव्या दिल्या असत्या, पण आईच्या मनातलं "तो माणूस कसा असेल" हे तरी थांबलं असतं. तुमच्या भाच्यानं फोन केला आणि ठाण्यात गेला हे खरं असेल, तर मी त्याला माझ्या वडिलांना उडवणाऱ्याच्या ओळीत बसवणार नाही. पहिल्या पोस्टवर मी जे लिहिलं ते त्या दुसऱ्यासाठी होतं.

ऊसकरी_कागल
उशिरा वाचतोय. गळीत हंगामात आमच्याकडं हे रोजचं. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागं रिफ्लेक्टर नाही, दुचाकी येऊन आदळते आणि ड्रायव्हर ट्रॅक्टर तिथंच टाकून उसात पळतो. त्याला दुसऱ्या दिवशी ठाण्यात हजर व्हायला लावणं हे मालकानंच करायचं. बीडकडचं पोरगं असतं, त्याला इथलं ठाणं कुठं आहे हेपण ठाऊक नसतं. मी आता हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येक ड्रायव्हरला 112, 108 आणि माझा नंबर केबिनमध्ये मोठ्या अक्षरात चिकटवून देतो, आणि रिफ्लेक्टर लावल्याशिवाय ट्रॉली बाहेर काढू देत नाही.

शाहूपुरी_कुस्ती_आखाडा
@ऊसकरी_कागल, एक नंबर काम. सगळ्या कारखान्यांनी हे करायला पाहिजे.

बालिंग्याचा_मामा
उद्या थोरले दाजी आणि मी जाऊन येतो जखमीच्या घरी. विमा कंपनीला मेल केला, ठाण्यातपण प्रत दिली. शेवटचा प्रश्न, पिकअप ठाण्यात जमा आहे. रोजचा धंदा त्यावरच. गाडी कधी सुटेल आणि काच बदलू का?

वकीलबाई_कोल्हापूर
आधी आरटीओच्या मोटार वाहन निरीक्षकांची तपासणी होऊ दे. ब्रेक, स्टेअरिंग, धडक कुठं बसली, सगळं त्या अहवालात येतं, आणि अनेकदा तोच अहवाल चालकाच्या उपयोगाला येतो. मग कोर्टात गाडी ताब्यात मिळण्यासाठी अर्ज करा. आरसी, विमा, पीयूसी, परमिट आणि दाजींचं ओळखपत्र लागेल. सुपुर्दनाम्यावर गाडी मिळते. गाडी विकणार नाही, रूपात बदल करणार नाही आणि बोलावल्यावर हजर करू, असं लिहून द्यावं लागतं.

काच बदलायच्या आधी चारी बाजूंनी फोटो काढा, आणि दगड आतमध्ये पडला असेल तर तो पंचनाम्यात आलाय का बघा. आला नसेल तर तपास अधिकाऱ्यांना लेखी कळवा की दगड अजून केबिनमध्ये आहे, पंचांसमोर जप्त करावा. तोवर कुणीही त्याला हात लावू नका, गाडी झाडायला गेलेल्या पोरानंसुद्धा.